जुनी बेसबॉल कार्डं आणि त्यांना चिकटलेल्या आठवणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत घर घेतलं की माळ्यावर, सासरच्या बेसमेंटमध्ये किंवा तिथेच वाढलेल्या मुलांच्या जुन्या खोलीत एखादं बुटांचं खोकं हाती लागतं. आत रबरबँड लावलेले बेसबॉल कार्डांचे गठ्ठे : पुढे खेळाडूचं चित्र, पाठीवर माहिती असलेली पुठ्ठ्याची छोटी कार्डं, पूर्वी बहुधा च्युइंगमच्या पाकिटातून मिळणारी. लगेच दोन प्रश्न पडतात. याचे किती येतील? आणि हे टाकवत नाही, तर करायचं काय? दोन्हींची उत्तरं खाली आहेत. मात्र कार्डांना बाजारात जे दोष मानतात, त्यातच बहुतेक वेळा आठवण साठलेली असते. म्हणून काहीही करण्याआधी कोणतं कार्ड पैशासाठी आणि कोणतं आठवणीसाठी, हे ठरवून घ्या. खालचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे.

खोकं सापडलं. सगळ्यात आधी काय करू?

गठ्ठे फोडू नका. आधी फोनवर खोक्याचा वरून एक फोटो आणि प्रत्येक गठ्ठ्याचे चारही बाजूंनी फोटो काढा. मुलं कार्डं उगाच कशीही ठेवत नसत. कोणी संघांप्रमाणे लावी, कोणी क्रमांकाने, कोणी आवडता खेळाडू सगळ्यात वर आणि नावडता तळाला. तो क्रम एकदा मोडला की परत लावता येत नाही, आणि कार्डांच्या मालकाशी पुढे बोलताना त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

मग रबरबँड. तो ओढून काढू नका, कात्रीने कापा. जुनं रबर एक तर काचेसारखं कडक होतं, नाही तर चिकट लगद्यासारखं. दोन्ही अवस्थांत ते कडेला धरून बसतं आणि ओढलं की पुठ्ठ्याचा थर घेऊन येतं. चिकटून राहिलेला तुकडा तसाच राहू द्या.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे नकोत, कारण त्यात पकड सैल होते आणि कोपरे मुडपतात. टेबलावर स्वच्छ चादर पसरा. चहाचा कप दुसऱ्या खोलीत ठेवा.

कार्ड कोणत्या वर्षाचं हे कसं ओळखायचं?

पाठ वाचा. बहुतेक कार्डांच्या पाठीवर खेळाडूची वर्षवार आकडेवारी असते. तिच्यातल्या शेवटच्या वर्षात एक मिळवला की साधारणपणे कार्डाचं वर्ष निघतं. शेवटची ओळ १९८६ची असेल तर कार्ड १९८७चं. जुन्या कार्डांवर कॉपीराइटचं वर्ष छापलेलं असेलच असं नाही, म्हणून ही युक्ती खूप कामी येते. पाठीवर बारीक अक्षरांत 'टी.सी.जी.' दिसलं तर ते 'टॉप्स च्युइंग गम' या कंपनीचं.

टॉप्सच्या कार्डांची काही वर्षं पाहताक्षणीच ओळखू येतात. लाकडाच्या रेषांसारखी चौकट असेल तर १९६२ किंवा १९८७. काळी चौकट असेल तर १९७१. गोणपाटासारख्या पोताची चौकट असेल तर १९६८. आडवं कार्ड, मोठा रंगीत चेहरा आणि बाजूला खेळण्याच्या पवित्र्यातली छोटी आकृती असेल तर १९५५.

सगळी कार्डं एकाच मापाची का नाहीत?

आजचं माप अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे सुमारे ६४ × ८९ मिलिमीटर. टॉप्सने ते १९५७ साली धरलं. १९५२ ते १९५६ची टॉप्स कार्डं मोठी आहेत, साधारण ६७ × ९५ मिलिमीटर. १९३३ची गौडी कंपनीची च्युइंगमची कार्डं बुटकी, ६० × ७३. १९०९ ते १९११च्या सिगारेटच्या पाकिटांतली कार्डं त्याहून अरुंद, ३७ × ६७.

हे माप पाठच हवं, आणि त्याचं कारण रोजच्या कामाचं आहे. १९५३चं कार्ड आजच्या मापाच्या कव्हरात घालायला गेलात तर वरची कड चेपते. दुकानात कव्हरं मागताना कार्डाचं वर्ष सांगा. जुन्या मोठ्या मापाची आणि सिगारेट कार्डांची कव्हरं वेगळी मिळतात.

कोपरे गोल झालेत, कडेला खाच आहे, पेनाने लिहिलंय. ही कार्डं खराब झाली म्हणायची का?

विकायची असतील तर हो, किंमत उतरते. पण आठवण जागवायला याहून चांगली कार्डं मिळणार नाहीत. प्रत्येक खूण कशामुळे आली ते जवळजवळ नेमकं सांगता येतं.

एका बाजूचा कोपरा चेपलेला आणि कडा सोललेल्या असतील तर कार्ड 'फ्लिपिंग'मध्ये खेळलं गेलंय. हा खेळ आपल्या गोट्यांचा किंवा काड्यापेटीच्या छापांचा सख्खा भाऊ. भिंतीपासून काही पावलांवर उभं राहून कार्ड मनगटाच्या झटक्याने फेकायचं. ज्याचं कार्ड भिंतीच्या जास्त जवळ, त्याने सगळी न्यायची. दुसऱ्या प्रकारात कार्ड गिरक्या घेत खाली पडतं, आणि चित की पट हे आधीच्या कार्डाशी जुळवावं लागतं. हरलेलं कार्ड परत मिळत नसे.

लांब कडेच्या मधोमध V आकाराची खाच असेल तर ती रबरबँडची. गठ्ठ्याच्या पहिल्या आणि शेवटच्या कार्डाला हा मार सगळ्यात जास्त बसतो. टॉप्सच्या १९५२च्या संचातलं पहिल्या क्रमांकाचं कार्ड अँडी पाफ्कोचं. क्रमाने लावलेल्या गठ्ठ्यात ते कायम सगळ्यात वर राहिलं, आणि त्यामुळे पाफ्को स्वतः पहिल्या फळीतला महान खेळाडू नसूनही त्याचं धड अवस्थेतलं कार्ड फार महाग आहे.

कार्ड मधोमध वाकलेलं, एका टोकाला चिमट्याचा चौकोनी ठसा आणि दुसरं टोक कुरतडल्यासारखं झालं असेल, तर ते सायकलच्या चाकात वाजलेलं आहे. कपड्यांच्या चिमट्याने कार्ड सायकलच्या फोर्कला लावायचं, आऱ्या त्याच्यावर आपटत राहतात आणि मोटारसायकलसारखा फडफडाट होतो. यासाठी दोन-दोनदा आलेली किंवा नावडत्या संघाची कार्डं काढली जात.

मूळ संघाच्या नावावर काट मारून दुसरं नाव लिहिलेलं असेल तर खेळाडूची बदली झाली होती. मुलाने ती वर्तमानपत्रात वाचली आणि आपल्या दप्तरी नोंदवली. त्या अक्षरावरून वय कळतं, महिनासुद्धा कळू शकतो. तसंच याद्यांच्या कार्डांचं. आपल्याकडे कोणती कार्डं आली याची टिकमार्क करण्यासाठी ती असत, आणि बहुतेक मुलांनी ती इमानाने भरली. म्हणूनच टिकमार्क न केलेलं यादीकार्ड दुर्मीळ असतं.

अशी खूण असलेलं कार्ड आठवणींच्या डब्यात टाका आणि तिला हात लावू नका.

बबलगमचा वास आला आणि एकदम शाळेतले दिवस आठवले. असं का होतं?

वासाचा संदेश नाकातून मेंदूतल्या घ्राणकेंद्राकडे जातो. भावना आणि आठवणी जिथे घडतात ते भाग त्याच्या अगदी जवळ, थेट जोडलेले आहेत. डोळ्यांनी किंवा कानांनी टिपलेलं तिथवर पोहोचायला जास्त वळसे घेतं. म्हणून वासाबरोबर आलेली आठवण शब्दांआधी येते. आधी घशात आवंढा येतो आणि मग कळतं की हे कशाचं आहे.

दुसरं कारण वयाचं. माणसाला उतारवयात साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी इतर काळापेक्षा जास्त आठवतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. कार्डं जमवण्याचं वय आठ ते बारा-तेरा, म्हणजे या काळाच्या अगदी सुरुवातीचं. त्यात कार्ड ही वस्तू बदलत नाही. गाव, दुकान, मित्र सगळं बदलतं. कार्डावरचा निळा रंग आणि पाठीवरचं व्यंगचित्र होतं तसंच असतं.

ज्याला इंग्रजीत 'नॉस्टॅल्जिया' म्हणतात, तो शब्द योहानेस होफर या स्विस वैद्यक विद्यार्थ्याने १६८८ साली आपल्या प्रबंधात घडवला. 'घरी परतणं' आणि 'वेदना' हे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. त्याच्या लेखी तो घरापासून दूर गेलेल्यांचा आजार होता. परदेशी राहणाऱ्या कोणाही मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

वडिलांशी किंवा सासऱ्यांशी या कार्डांवरून बोलायचंय. कसं बोलू?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कार्डं शंभर वर्षं टिकतील, सांगणारा माणूस टिकणार नाही.

एका बैठकीला वीस-पंचवीस कार्डं पुरेत, अर्धा-पाऊण तास. खोक्यातल्या मूळ क्रमानेच कार्डं पुढे ठेवा. फोन टेबलावर उपडा ठेवून आवाज रेकॉर्ड करा. व्हिडिओचा कॅमेरा समोर आला की माणूस सावध होतो. कार्ड पुढे सरकवताना त्याचं वर्ष आणि क्रमांक मोठ्याने म्हणा, "एकोणीसशे एकसष्ट, क्रमांक तीनशे". पुढे रेकॉर्डिंग ऐकताना कोणती गोष्ट कोणत्या कार्डाची हे शोधत बसावं लागत नाही.

"हा खेळाडू कसा होता?" असं विचारलंत तर आकडेवारी ऐकायला मिळेल. विचारा : हे कोणत्या दुकानातून आणलं? पैसे कुठून आले? पाकीट तिथेच फोडलं की घरी? गम कोणी खाल्ला? हे कोणाशी बदलून घेतलं, आणि त्याला काय द्यावं लागलं? कोणतं कार्ड कधीच मिळालं नाही? न मिळालेल्या कार्डाची आठवण बहुधा सगळ्यात ताजी असते. मध्येच शांतता पसरली तर ती भरायला जाऊ नका.

विस्मरणाचा आजार असलेल्या माणसाबरोबर बसत असाल तर "ओळखा पाहू" असं चुकूनही म्हणू नका. ती परीक्षा होते आणि चुकल्याची लाज वाटते. नाव तुम्हीच सांगा आणि पुढचं त्यांच्यावर सोडा. हातात मूळ कार्ड देण्यापेक्षा जाड कागदावर दुप्पट मोठी छापलेली प्रत द्या. ती दिसते नीट, धरता येते आणि चुरगळली तरी हळहळ नाही. बेसबॉलच्या आठवणींवर चालणारे असे गट अमेरिकेतल्या काही शहरांत नियमित भरतात. जवळच्या ग्रंथालयात चौकशी करा.

आई-वडिलांनी कार्डं फेकून दिली नसती तर आज श्रीमंत झालो असतो का?

उलट आहे. फेकली गेली म्हणूनच उरलेली महाग झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत युद्धापूर्वीची कार्डं मोठ्या प्रमाणावर लगद्यात गेली. त्यानंतरची कार्डं घरं बदलताना आणि मुलगा कॉलेजला किंवा सैन्यात गेल्यावर खोली आवरताना गेली.

सगळ्यात मोठी फेकाफेक तर कंपनीनेच केली. टॉप्सचा १९५२चा संच ४०७ कार्डांचा. कंपनीतले साय बर्जर यांनी वुडी गेलमन यांच्याबरोबर त्याची रचना ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली. त्याची शेवटची मालिका, क्रमांक ३११ ते ४०७, बाजारात आली तेव्हा हंगाम संपत आला होता आणि मुलांचं लक्ष फुटबॉलकडे वळलं होतं. दुकानदारांनी माल उचलला नाही. बर्जर यांनी सांगितल्याप्रमाणे १९६०च्या सुमारास उरलेली खोकी बार्जवर चढवून न्यू जर्सीच्या किनाऱ्याबाहेर समुद्रात सोडून दिली. ३११ क्रमांकाचं कार्ड मिकी मँटलचं. त्याची एक अत्युत्तम अवस्थेतली प्रत ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरांना गेली.

मग आमच्याकडची १९८८-९०ची हजारो कार्डं?

त्यांची विक्रीची किंमत जवळजवळ शून्य आहे, हे सरळ सांगितलेलं बरं. जुन्या कार्डांचे भाव वर्तमानपत्रात येऊ लागले तेव्हा लोकांनी ती गुंतवणूक म्हणून घेतली आणि जपून ठेवली. कंपन्यांनीही हवी तेवढी छापली. १९८७ ते १९९३चा हा काळ. फेकलं कोणी नाही, म्हणून टंचाई नाही.

थोडे अपवाद आहेत. अपर डेक या कंपनीच्या १९८९च्या संचातलं पहिलं कार्ड केन ग्रिफी ज्युनियरचं, आणि १९९०च्या टॉप्समधलं ४१४ क्रमांकाचं फ्रँक थॉमसचं कार्ड, पुढच्या बाजूला नाव छापायचं राहून गेलेलं. एवढी वेगळी काढा. उरलेली मुलांना खेळायला द्या. भिंतीवर फेकू द्या, सायकलला लावू द्या, त्यांवर लिहू द्या. ज्या पिढीने ही कार्डं कव्हरातून बाहेरच काढली नाहीत, तिच्याकडे सांगायला खुणाच नाहीत, याची खंत वाटते.

गमचा डाग, मेणाचा डाग, चिकटपट्टी, पेन्सिल. काय काढता येतं?

मेण : जुनी पाकिटं मेणकागदाची असत आणि उष्णतेने बंद केली जात. वितळलेलं मेण घडीला टेकलेल्या कार्डावर उतरे. गुळगुळीत पुढच्या बाजूवर ते असेल तर स्वच्छ, कोरड्या नायलॉनच्या मोज्याने, अजिबात जोर न देता गोल गोल फिरवून निघतं. पाठीवर असेल तर पुठ्ठ्याने ते शोषून घेतलेलं आहे. सोडून द्या.

गम : डाग साखरेचा आणि गममधल्या तेलकट अंशाचा असतो. तोही पुठ्ठ्यात मुरतो. पाणी लावलंत तर डाग पसरतो आणि कड फुगते, म्हणजे एकाचे दोन दोष होतात.

पेन्सिल : खोडरबराने अक्षर जातं, पण पृष्ठभागाचे तंतूही उचलले जातात आणि तिथे निस्तेज चट्टा राहतो. तिरप्या उजेडात तो लगेच दिसतो, आणि ग्रेडिंग करणारे, म्हणजे कार्ड तपासून त्याला गुण देणारे, त्याला फेरफार मानतात. पेनाला तर हातच लावू नये.

चिकटपट्टी : सुकून पिवळी पडलेली असेल तर कधी आपोआप सुटते. सुटली नाही तर ओढू नका. रसायनांचे प्रयोग घरी करू नयेत.

मुडपलेला कोपरा इस्त्रीने किंवा जड पुस्तकाखाली सरळ करण्याचा मोह होतो. घडीची रेष जात नाही, फक्त चमक जाते.

जुन्या चिकट पानांच्या अल्बममध्ये कार्डं अडकली आहेत.

१९७०च्या दशकातले ते अल्बम, चिकट रेघांचं पान आणि वर प्लास्टिक. क्रम असा ठेवा. आधी वरचं प्लास्टिक शक्य तितकं सपाट मागे वळवत काढा. मग बिनमेणाचा डेंटल फ्लॉस सुमारे ४५ सेंटिमीटर घ्या, दोन्ही बोटांना गुंडाळा, कार्डाच्या एका कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा हलक्या हाताने पुढे-मागे करत तिरका न्या. फ्लॉस पानाच्या बाजूला टेकलेला ठेवा, कार्डाच्या बाजूला नको. अडलं तर जोर लावण्याऐवजी दुसऱ्या कोपऱ्याकडून या. आधी सगळ्यात कमी महत्त्वाच्या कार्डावर हात बसवून घ्या. मागची बाजू थोडी सोलली जाते हे गृहीत धरा. कार्ड मौल्यवान असेल तर पान कापून कागदसंवर्धकाकडे न्या.

नव्वदच्या दशकातल्या चकचकीत कार्डांची वीट झालीय!

त्या कार्डांवर अतिनील किरणांनी वाळवलेला चकचकीत थर आहे. दमट हवेत, दाबाखाली तो शेजारच्या कार्डाला धरतो. नखाने किंवा सुरीने सोडवायला गेलात तर चित्राचे टवके उडतात. गठ्ठा दोन्ही हातांत धरून अगदी थोडा एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वाकवा. बारीक करकर ऐकू येते आणि कार्डं एकेक करून सुटतात. ऐकू आली नाही तर थांबा, कोरड्या खोलीत काही दिवस ठेवून पुन्हा करा.

जपून ठेवायची तर नेमकं कशात?

प्रत्येक चांगल्या कार्डाला आधी मऊ पॉलिप्रॉपिलिनचं पातळ कव्हर, ज्याला 'पेनी स्लीव्ह' म्हणतात. कव्हराचं तोंड अंगठ्याने थोडं फुगवून मग कार्ड सोडा, नाही तर तोंडालाच कोपरा मार खातो. त्यावर ताठ 'टॉपलोडर'. कार्ड थेट टॉपलोडरमध्ये कधीच नको, घासून चरे पडतात. साध्या कार्डांना '३५ पॉइंट' जाडीचा चालतो.

वहीत लावायची असतील तर नऊ खणांची पानं, 'पीव्हीसी नाही' असं लिहिलेली, आणि D आकाराच्या कड्यांची वही घ्या. गोल कड्यांच्या वहीत आतल्या रांगेतली कार्डं कड्यावर चढून वाकतात. ऐंशीच्या दशकातली जुनी मऊ प्लास्टिकची पानं तेलकट लागत असतील, वास मारत असतील तर आजच बदला. त्यातलं प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य कार्डावर उतरतं. चार स्क्रूंची जुनी ठोकळ्यासारखी कव्हरंही काढून टाका. आवळून बसवली की कार्ड चपटं होऊन पसरतं, आणि तसं कार्ड ग्रेडिंगला नाकारलं जाऊ शकतं.

खोली अशी हवी जिथे माणसाला बरं वाटतं. तापमान १८ ते २१ अंश, आर्द्रता ४० ते ५० टक्के, उजेड कमी. माळा उन्हाळ्यात तापतो, बेसमेंट ओलावतं. दोन्ही वाईट. झोपायच्या खोलीतलं कपाट उत्तम.

कार्डं पुण्या-मुंबईला किंवा कोकणात आणली तर पावसाळ्यात काय करायचं?

पुठ्ठा हवेतलं पाणी पितो, आणि पुढची चकचकीत बाजू मागच्या बाजूपेक्षा कमी पिते. म्हणून कार्डं धनुष्यासारखी वाकतात. पावसाळ्याच्या बरंच आधी, हवा कोरडी असताना, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरा. आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ५५च्या वर गेला की पुड्या बदला. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका.

डांबराच्या गोळ्या मात्र अजिबात नकोत. त्यांच्या वाफेने काही प्रकारचं प्लास्टिक मऊ पडतं आणि कार्डांना वास कायमचा बसतो. कसर आणि वाळवीसाठी घट्ट झाकण आणि दर दोन-तीन महिन्यांनी उघडून पाहणं पुरतं.

कार्ड अस्सल आहे की पुनर्मुद्रण?

दहापट भिंग घ्या आणि नावाची अक्षरं पाहा. जुन्या छपाईत काळी अक्षरं आणि चौकटीच्या रेषा भरीव शाईच्या असतात. मूळ कार्डाचा फोटो घेऊन केलेल्या नकलेत तीच अक्षरं रंगीत ठिपक्यांत फुटलेली दिसतात. मग अंधारात अतिनील टॉर्च मारा. चाळीसच्या दशकानंतर कागदात उजळपणा आणणारी द्रव्यं येऊ लागली, ती निळसर पांढरी चमकतात. १९१०चं म्हणवणारं कार्ड असं चमकलं तर ते १९१०चं नाही. चमकलं नाही म्हणून अस्सलच, असंही नाही.

मापही घ्या. टॉप्सने १९५२चा संच १९८३ साली स्वतःच पुन्हा छापला, पण आजच्या छोट्या मापात. अर्ध्या मिलिमीटरचा फरक कारखान्यातही पडे. त्याहून लहान आणि कडा संशयास्पद धारदार असतील तर कार्ड कापलेलं असू शकतं. हे नावाजलेल्या कार्डांच्या बाबतीतही घडलं आहे. १९०९-११च्या सिगारेट मालिकेतलं होनस वॅग्नरचं सगळ्यात गाजलेलं कार्ड कडेने कापलेलं होतं, अशी कबुली ते विकलेल्या लिलावदाराने २०१३ साली न्यायालयात दिली.

ग्रेडिंग करून घ्यावं का?

१९७०च्या आधीचं, नामवंत खेळाडूचं, घडी नसलेलं कार्ड असेल आणि विकायचंच असेल, तर हो. पीएसए, एसजीसी, बेकेट या कंपन्या कार्ड तपासून १ ते १० गुण देतात आणि सीलबंद प्लास्टिकमध्ये घालतात. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र चौकटीच्या किती मध्यावर आहे, हे चार निकष. घरी मध्य तपासायला डावी आणि उजवी पांढरी कड मोजा. दोन आणि तीन मिलिमीटर निघाली तर प्रमाण ४०-६०. फी कार्डाच्या किमतीपेक्षा जास्त होणार असेल तर पाठवू नका. आठवणींच्या डब्यातलं कार्ड तर पाठवूच नका. त्याला दोन गुण मिळालेले पाहून उगाच जिवाला लागतं, आणि एकदा सीलबंद झालं की हातात घेता येत नाही.

न फोडलेलं जुनं पाकीट सापडलं. फोडू का?

आधी शिवण पाहा. मेणाच्या घडीवर उष्णतेच्या दोन वेगवेगळ्या रेषा किंवा गोंद दिसला तर कोणीतरी आधीच उघडून पुन्हा बंद केलंय. अस्सल असेल तर पाकीट आतल्या कार्डांपेक्षा जास्त मोलाचं असू शकतं. फोडायचंच ठरलं तर गमला टेकलेलं कार्ड शेवटी काढा आणि गम खाऊ नका. तो इतका ठिसूळ असतो की दाताखाली भुकटी होते, वर दात तुटायची भीती.

अशी कार्डं नीट जतन केलेली कुठे पाहता येतील?

न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेम या संग्रहालयात, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये. मेट्रोपॉलिटनकडचा संग्रह जेफरसन बर्डिक यांचा. सिरॅक्यूजमधला हा इलेक्ट्रिशियन. त्याने छापील कार्डं, लेबलं, पोस्टकार्डं अशा तीन लाखांहून अधिक वस्तू दिल्या. त्यात बेसबॉलची कार्डं तीस हजारांवर. संधिवाताने बोटं वाकडी झालेली असताना तो वर्षानुवर्षं एकेक कार्ड अल्बममध्ये चिकटवत राहिला. जानेवारी १९६३मध्ये काम संपलं आणि मार्चमध्ये तो गेला. संग्राहक आजही 'टी-२०६' वगैरे जे क्रमांक वापरतात, ते त्याच्याच सूचीतले.

आमच्या लहानपणचे काड्यापेटीचे छाप, गमबरोबरची क्रिकेटपटूंची चित्रं, ट्रंप कार्डं यांनाही हेच लागू?

बरंचसं. ट्रंप कार्डांना पातळ कव्हर आणि नऊ खणांचं पान चालतं. घेण्याआधी माप तेवढं ताडून पाहा. काड्यापेटीचे छाप मात्र पातळ कागदाचे किंवा लाकडी पट्टीवर चिकटलेले. कागदी छापांना पोस्टाच्या तिकिटांची पारदर्शक खणांची पानं बरी. लाकडावरचे सोडवायला जाऊ नका, तसेच छोट्या डबीत ठेवा. गमची चित्रं स्टिकरची असतील आणि मागचा कागद शाबूत असेल तर दोन स्टिकरांमध्ये सिलिकॉनचा बेकिंग पेपर घाला, म्हणजे कडेने ओघळलेला गोंद शेजारच्याला लागत नाही. कपाटाच्या दारावर चिकटवलेली असतील तर ती सोडवू नका. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, दारासकट फोटो काढा. कडेने पेन्सिलीने कोणाची उंची लिहिलेली असेल तर तीही फोटोत येऊ द्या.